साडेएकवीस किलो

वजनकाट्याची सुई पुन्हा शहाऐंशीवरच थांबली. मास्तर खाली उतरले, पुन्हा चढले. शहाऐंशी.

भिंतीवरच्या आलेखात त्यांनी आणखी एक ठिपका दिला. पहिल्या सहा आठवड्यांत ब्याण्णववरून नीट उतरत आलेली रेष गेले आठ आठवडे आडवी पडून होती. जन्मभर गणित शिकवणाऱ्या माणसाला स्वतःच्याच आलेखाचा अर्थ लागेना.

डॉक्टरांनी तर अंदाज सोपा करून सांगितला होता. "पुरुषांचं वजन आधी भराभर उतरतं, मग रेंगाळतं. बारा किलोंना चार-पाच महिने धरा. घरीच मोजत राहा, ऐंशीवर आलात की या. त्याआधी तुमच्या यकृताचा तुकडा काढता येणार नाही." मग आवाज खाली आणून ते म्हणाले होते, "वडिलांकडे मात्र सहाच महिने आहेत."

"अहो, आज तुमची अंगठी साबणाशिवाय निघाली," बायको म्हणाली. त्यांच्या पँटची कंबर ती तिसऱ्यांदा आत घेत होती. "आरशातले तुम्ही निम्मे झालात, काट्यावरचे तेवढेच. मी कुणावर विश्वास ठेवू?"

काट्यावरच ठेवायला हवा होता. तो बाबांनी स्वतः जुळवला होता. दुकानादुकानांतले काटे दुरुस्त करण्यात त्यांची चाळीस वर्षं गेली होती, आणि केसाइतकी खोट असलेला काटा त्यांच्या हातून कधी बाहेर पडला नव्हता. तरी मास्तरांनी मागे एकदा चाचरत विचारलं होतं, "बाबा, काट्यात काही..."

बाबांनी पिवळ्या पडलेल्या डोळ्यांनी नुसतं पाहिलं होतं. "माझ्या काट्यात?"

मास्तरांना लाज वाटली होती. त्या दिवसापासून त्यांनी एक वेळचं जेवण सोडलं होतं.

आज दुपारी बाबांचा डोळा लागल्यावर त्यांनी पलंगाखालचं वीस किलोचं लोखंडी वजन ओढून काढलं. बाबा त्यावर काटे पारखत. रिकाम्या काट्याची सुई शून्यावर होती, अगदी अचूक. वजन ठेवताच ती साडेएकवीसवर गेली.

विसाला दीड. म्हणजे ऐंशीला सहा. मास्तर मनातल्या मनात त्रैराशिक पुन्हा पुन्हा मांडत राहिले. उत्तर बदलेना. त्यांनी काटा उलटा केला. आतल्या स्क्रूवर ताजे चरे होते, एकाशेजारी एक.

"आठ वेळा फिरवला," मागून आवाज आला. बाबा भिंतीला धरून उभे होते.

"पण का, बाबा?"

"नको म्हटलं असतं तर तू ऐकणारा आहेस का? आणि माझ्यासाठी तुला चिरलेलं मला बघवायचं नाही." त्यांना धाप लागली. "अजून तीन महिने सुई हलली नसती, तर कुणालाच कुणाला नाही म्हणावं लागलं नसतं."

मास्तरांनी अवजारांच्या पेटीतला स्क्रूड्रायव्हर काढून बाबांच्या हातात दिला.

"हा काटा असा खोटा ठेवून जाऊ नका."

बाबा हळूच खाली बसले. एरवी मिनिटाचं असलेलं ते काम खिडकीतलं ऊन समोरच्या भिंतीवर चढेपर्यंत चाललं. सुई विसावर स्थिरावली. ते तिच्याकडे बघत राहिले. मग लोखंडी वजन त्यांनी दोन्ही हातांनी बाजूला सारलं आणि मुलाकडे न बघता म्हणाले,

"चढ."