होडीतला कायदा
ऑनलाइन बी.ए.च्या प्रवेशासाठी आज व्हिडिओवर मुलाखत होती आणि आरोंद्यात रेंज मिळायची ती फक्त खाडीच्या मधोमध. म्हणून मुनीरने लेकीला होडीतून तिथे नेलं आणि नांगर टाकला. एवढ्याशा होडीत उभं राहायचं नाही, हा त्याचा कायदा. त्यापायी लहानपणी तिने चापटही खाल्ली होती. मोबाइलवर विद्यापीठातले सर दिसले, छतापर्यंत लावलेल्या पुस्तकांपुढे उभे. चार प्रश्न विचारून ते हसत म्हणाले, “अलीजा, तुमचा प्रवेश पक्का.” मुनीर बघतच राहिला. ज्या पाण्यात जन्मभर गळ टाकून बसला, त्याच पाण्यावर विद्यापीठ आलं होतं आणि त्याच्या पोरीला अहोजाहो करत होतं. होडी डुचमळली. अलीजा दचकली. टोपी सारखी करून तो ताठ उभा होता. “अब्बा, बस! होडी पालथी जातली!” “गप गो! मास्तर उभे आसत, मी कसो बसू?”