घोडेस्वारांच्या घरातली सायकल

"बाबा, तुम्हाला सायकल येते का हो?"

शिवांगीने विचारलं आणि अंगणातल्या सगळ्या खुर्च्या कुरकुरल्या. जमलेले सगळे पालक वळून हिंमतराव शिर्क्यांकडे बघू लागले. त्यांना असं विचारायची हिंमत आजवर कुणी केली नव्हती. पैज तिच्या गुजराती मैत्रिणीची, योगिनीची होती, एक प्लेट सेवउसळीवर. "पूछ ने, डरे छे केम?" म्हणून मघापासून तीच टोचत होती, आणि आता मागच्या रांगेत ओढणीत तोंड खुपसून बसली होती.

शिवांगी घाबरत नव्हती. अकरावीत गेल्यापासून ती कशालाच घाबरत नव्हती.

झालं होतं असं. बाबांच्या शहराबाहेरच्या, छाणीपलीकडच्या कारखान्यात इटालियन भागीदार आले. त्यांच्यामागून इटालियन इंजिनिअर आले. त्यातल्या एकाची बायको, किआराबाई, वासणा भागातल्या आपल्या बंगल्यात दर रविवारी कारखान्यातल्या लोकांच्या मुलांना इटालियन शिकवायला लागली. येत्या मे महिन्यात ती मुलांना इटलीतल्या आपल्या गावी नेणार होती. सकाळी भाषेचे तास, दुपारी द्राक्षमळ्यांमधून सायकली. खर्च कंपनीचा. अट एकच, ती सांगायला आज पालकांना तिने अंगणात बोलावलं होतं. अठराच्या आतल्या प्रत्येकाबरोबर आई किंवा वडील हवेत, आणि त्यांना सायकल यायला हवी. मुलांच्या शेजारून चालवायची होती ना.

शेजारून. हिंमतराव तर आजवर शिवांगीच्या मागूनच येत आले होते. हरणीच्या घरून ट्यूशनला ती सायकलवर निघाली की मागे त्यांची स्कूटर, पहिल्या गिअरमध्ये, भर उन्हात दिवा लावून. प्रत्येक वळणावर हॉर्न. तो हॉर्न अख्ख्या बॅचला पाठ होता. शिवांगी चिडली की उत्तर ठरलेलं. "तुझ्यावर पूर्ण भरवसा आहे गं. जगावर नाही."

इटलीत ती स्कूटर पोचणार नव्हती. निम्मं इटालियन शिवांगी याच आनंदात शिकली होती.

"आमचे आजोबा महाराजांच्या पागेत होते," हिंमतराव सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाले. "ज्या घराण्याच्या मांडीखाली घोडे होते, त्याला सायकलचं काय विचारतेस?"

"म्हणजे येते?"

"त्यात येण्यासारखं आहे काय?"

किआराबाईला मराठी कळत नव्हतं, पण छाती फुगलेली कळत होती. तिने हसत आपली सायकल आणून त्यांच्यासमोर उभी केली.

आता माघार घेणं शिर्क्यांच्या रक्तात नव्हतं. हिंमतरावांनी डाव्या बाजूने टांग टाकली. पाठ ताठ केली. हँडल एका हातात लगामासारखं धरलं आणि दुसरा हात रुबाबात मांडीवर ठेवला. घोडा स्वतःचा तोल स्वतः सांभाळतो, सायकल सांभाळत नाही, एवढंच त्यांना कुणी सांगितलं नव्हतं. सायकल जरा पुढे गेली आणि सरळ बोगनवेलीत शिरली.

हसायचं योगिनीलाही सुचलं नाही. किआराबाईने हिंमतरावांना हात देऊन उभं केलं आणि शिवांगीकडे बघून हळूच नकारार्थी मान हलवली. झालं. सेवउसळीपायी इटली गेली.

"ही धर गं जरा."

शिवांगीच्या हातात पर्स आली. पर्स आईची होती. जिला शिवांगीने जन्मभर स्कूटरच्या मागे एका बाजूला पाय टाकून बसलेलीच पाहिलं होतं, ती सुनंदाबाई पदर खोचत सायकलपाशी गेली. सायकल बायकांची होती, मधला दांडा नव्हता. आईने निऱ्या किंचित वर घेतल्या, पेडल मारलं आणि अंगणाला एक चक्कर मारली. दुसऱ्या चकरेत एक हात सोडून तिने कपाळावरचे केस मागे सारले. तिसऱ्या चकरेत बोगनवेलीपाशी येऊन तिने घंटी वाजवली. दोनदा.

"आई, तुला येते?"

"मग प्रतापनगरच्या रेल्वे कॉलनीतून शाळेत काय पालखीतून जात होते मी?"

"इतकी वर्षं बोलली का नाहीस?"

आईने बोगनवेलीकडे पाहिलं. हिंमतराव शर्टातले काटे काढत होते.

"यांना विचार. लग्नाआधी पाहिलं होतं यांनी मला, सायकलवर."

"बाबा? मग तिला घेऊन का नाही दिलीत सायकल?"

हिंमतरावांनी एक काटा उपटला. मग दुसरा.

"आणि मी काय मागे कॅरियरवर बसायचं होतं?"

"बसवलं असतं की," आई म्हणाली. ती अजून सायकलवरून उतरली नव्हती.

मग हिंमतरावांनी घसा खाकरला. "दोघीच जाणार? परका मुलूख. मागे कुणी नाही."

शिवांगीने आईची पर्स खांद्याला अडकवली.

"आई, बाबा, दोघंही ऐका. माझं ठरलंय. इटलीला आई येणार, माझ्या शेजारून. आणि तोवर बाबांनी सायकल शिकायची. उद्या सकाळपासून, सोसायटीच्या फाटकापासून हरणीच्या विमानतळापर्यंत. सायकल माझी घ्या. मी योगिनीची लूना घेऊन तुमच्या मागे. दिवा लावून."

"मागे कशाला? मी काय कुक्कुलं बाळ आहे?"

"तसं नाही हो," शिवांगी म्हणाली. "तुमच्यावर पूर्ण भरवसा आहे, बाबा. जगावर नाही."