सर्वांत शांत कूलर

"ह्याचा पंप पंचवीस डेसिबल, त्याचा एकतीस. तुला काय कळणार?" नवऱ्याने पंधरा दिवस कॉम्प्युटरचा प्रोसेसर थंड ठेवणारे पाण्याचे कूलर एकमेकांशी ताडून पाहिले. मधेच एकदा चहा गार झाला म्हणून कप माझ्या अंगावर भिरकावला.

आधी साधा पंखा होता. त्याची घरघर एवढी, की गेम खेळताना मित्र माइकवरून विचारायचे, "हृषी, पिठाची गिरणी टाकलीस का रे?" मला मारताना तो माइक कधी बंद करत नसे. गरजच नव्हती. तीन वर्षं माझं किंचाळणंही त्या घरघरीत बुडून गेलं.

रविवारी दुपारी सर्वांत शांत कूलर बसला. मी जेवायला हाक मारली आणि त्याच क्षणी तो गेम हरला. हेडफोन टेबलावर फेकून उठला, माझे केस धरले, डोकं त्याच टेबलावर दोनदा आपटलं आणि तिथेच दाबून धरलं.

म्हणून हेडफोनमधलं आधी मला ऐकू आलं. "हृषी! अरे, वहिनींना मारतोयस तू?"

माइक तोंडापासून वीतभर होता. ओरडायची गरज नव्हती. हळू आवाजात मी पत्ता सांगितला, मजल्यासकट.