कोरा पेपर

"ऐंशी लागतात. अठ्ठ्याहत्तर झालीत," कारकुनाने तिसऱ्यांदा बेरीज करून सांगितलं. खिडकीपलीकडे उभ्या असलेल्या मामाचं तोंड उतरलं.

"म्हणजे शाळा पूर्ण नाही झाली हिची?"

"नाही ना. आवश्यक विषय सगळे चोख आहेत. ऐच्छिकमधली दोन क्रेडिट राहिली. शिवणकामाचा पेपर कोरा दिलाय पोरीने."

गणितात चौऱ्याण्णव मिळवणारी मुलगी आणि शिवणकामात शून्य! आयत्या वेळी हातपाय गळाले असतील, दुसरं काय. भाची मामाच्या मागे मान खाली घालून उभी होती. आईबापाविना वाढलेली पोर, पण मामा कसा? दर आठवड्याला कामधंदा टाकून चौकशीला हजर. सोबत त्याचा एक स्नेही यायचा, चाळिशी उलटलेला, केस रंगवलेला. तो बाहेरच्या बाकावर मुकाट्याने बसून राही. कारकुनाला या माणसांचं फार कौतुक वाटे. इथे सख्खे बाप वर्षातून एकदाही फिरकत नाहीत.

त्या दिवसापासून त्याच्या डोक्यात तेच घोळू लागलं. त्याने मुलीच्या तीन वर्षांच्या नोंदी पुन्हा काढल्या. गुरुवारी तिच्या आधीच्या शाळेचा कागद हाताला लागला. सुट्टीतला चित्रकलेचा अभ्यासक्रम, छत्तीस तास. अठरा तासांना एक क्रेडिट, म्हणजे सरळ दोन. पण इथल्या नोंदीत तो 'छंद' या रकान्यात पडला होता, आणि छंदाला क्रेडिट नसतं.

खाली सही त्याचीच होती.

त्याने ती पुन्हा एकदा निरखून पाहिली. निवृत्तीला चार महिने उरलेले. इतक्या वर्षांत कोणाला बोट दाखवायला जागा ठेवली नव्हती. कागद फाइलमध्ये परत सारला असता तर कोणाला पत्ताही लागला नसता. खरं सांगायचं तर त्याने तो निम्मा सारलाही होता.

तेवढ्यात खिडकीशी ती मुलगी आली.

"काका, तुम्ही माझे जुने कागद शोधताय म्हणे. राहू द्या ना. पुढच्या वर्षी करीन मी शिवणकाम. फॉर्मसुद्धा भरलाय."

किती समजूतदार पोर! कारकुनाला स्वतःचीच लाज वाटली.

"अगं, दोन क्रेडिटसाठी अख्खं वर्ष? मी बसलोय ना इथे. तू अजिबात काळजी करू नकोस."

"तसं नाही काका, मी..." ती पुढे काही बोलणार, तोच फाटकातून मामाची हाक आली. ती लगबगीने निघून गेली.

कारकून कागद घेऊन तडक मुख्याध्यापिकांसमोर उभा राहिला. चूक कबूल केली. बाईंनी त्याची चांगलीच खरडपट्टी काढली आणि सेवापुस्तकात शेरा मारला. पण नोंदीची दुरुस्ती झाली, सही झाली. बाहेर येताना त्याला कित्येक दिवसांनी हलकं वाटलं.

शनिवारी त्याने मामा-भाचीला बोलावून घेतलं आणि प्रमाणपत्र त्यांच्यापुढे ठेवलं.

"मोजून ऐंशी! चूक माझी होती, माफ करा."

मामाने त्याचा हात दोन्ही हातांत धरला. मुलगी मात्र त्या कागदाकडे नुसती बघत राहिली. तिच्या चेहऱ्यावरचा रंग उडाला होता.

"काका," ती अगदी हळू म्हणाली, "हे परत काढून टाकता येत नाही का?"

"वेडी कुठली!" कारकून हसला. "बाईंची सही झालीय. आता काळ्या दगडावरची रेघ."

मामा प्रमाणपत्र उचलून बाहेर बाकाकडे गेला आणि रंगवलेल्या केसांच्या त्या माणसाच्या हातात त्याने ते दिलं.

"घ्या. शाळा पूर्ण झाल्याशिवाय लग्न करणार नाही, एवढी एकच अट होती हिची. आता बोला, तारीख कधीची धरायची?"