टेबलातला चोरकप्पा

"तुमच्याच पोटच्या पोरीनं तुमचं बिंग फोडलंय, मास्तर, आणि तुम्ही इथं टेबल पुसत बसलाय?" नाट्यगृहाच्या व्यवस्थापकाने हातातला फोन जादूगाराच्या नाकासमोर धरला.

मास्तर पुसायचे थांबले नाहीत. फोनमध्ये त्यांची लेक बोलत होती. कागदावर टेबल काढून ती समजावत होती: वरची फळी, खालची फळी, मधे चोरकप्पा. रुमाल टाकायचा, खटका दाबायचा, कबुतर आत. पंचेचाळीस वर्षं लोकांनी तोंडात बोटं घातली ती एवढ्यासाठी! शेवटी ती गोड हसली.

"अख्ख्या गावानं पाहिलंय हे," व्यवस्थापक म्हणाला.

"आवाजात आईवर गेलीय," मास्तर म्हणाले.

व्यवस्थापकाचं डोकं फिरलं. त्याचा मास्तरांवर जीव होता. लहानपणी याच नाट्यगृहात त्याने ते कबुतर नाहीसं होताना पाहिलं होतं आणि आठवडाभर घरातली सगळी भांडी उपडी करून शोधलं होतं. आता मात्र नाट्यगृह चालवणाऱ्या मंडळाने त्याला बजावलं होतं की रिकाम्या खुर्च्यांसमोर जादू पुरे झाली. रविवारचा प्रयोग भरला तर ठीक, नाहीतर मास्तरांची तारीख कायमची व्यायामाच्या वर्गाला जाणार होती.

"रविवारी कबुतर तेवढं वगळा," तो अजिजीने म्हणाला. "बाकीचे खेळ करा आणि मानानं निरोप घ्या."

"निरोप?" मास्तरांनी फडकं टेबलावर आपटलं. "माझे गुडघे गेलेत, दात गेलेत. हात गेलेले नाहीत! कबुतर होणार, आणि शेवटी होणार. बाहेर पाटीवर तसंच लिहा."

"आणि तिनं येऊन तमाशा केला तर?"

"पहिल्या रांगेतली खुर्ची द्या तिला. मी घाबरतो असं वाटायला नको."

पाटी लागली आणि दोन दिवसांत तिकिटं संपली. लोकांना जादू बघायची नव्हती, एका म्हाताऱ्याचं नाक कापलं जाताना बघायचं होतं. अशा कामाला माणसं वेळ काढतात. 'हाउसफुल्ल'चा फलक लावताना व्यवस्थापकाला आनंद झाला, आणि त्या आनंदाची लाजही वाटली.

रविवारी दुपारी तीनला सभागृहात पाय ठेवायला जागा नव्हती. लेक आली ती अगदी वार्ताहराच्या थाटात, अंगात ढगळ जाकीट, गळ्यात कॅमेरा. तिचं तिकीट व्यवस्थापकाने स्वतः फाडलं.

"लाज नाही वाटत? तुला कडेवर घेऊन त्यांनी गावोगाव खेळ केलेत."

"खरं सांगायला लाज कसली, दादा?" ती म्हणाली आणि आत गेली.

मास्तरांनी पत्ते केले, दोऱ्या केल्या, अंडं केलं. सगळं चोख. टाळी मात्र एकही पडली नाही. मग टेबल आलं.

"चोरकप्पा!" मागून कोणीतरी ओरडलं आणि सभागृह खिदळलं. विंगेत उभ्या असलेल्या व्यवस्थापकाने डोळे मिटून घेतले.

मास्तर पुढे आले. "इथं कोणी सुतार आहे का?"

मधल्या रांगेतून एक जाडजूड माणूस उठला. मास्तरांनी विंगेतून करवत आणून त्याच्या हातात दिली. "कापा. हवं तिथं, हवं तेवढं."

सुताराने टेबलाचे चार तुकडे केले. प्रत्येक तुकडा उलटासुलटा करून पाहिला, ठोकून पाहिला. "भरीव आहे," तो खऱ्या दुःखाने म्हणाला. "चांगलं टेबल फुकट घालवलंत."

मागच्या रांगेतली माणसं माना उंचावून तुकडे बघू लागली.

"आता टेबल नाही," मास्तर म्हणाले. "म्हणजे हातावरच करावं लागणार. माझ्या हातांवर तुमचा विश्वास नाही. ज्या हातांवर आहे, ते वर येऊ देत." आणि त्यांनी पहिल्या रांगेकडे बोट दाखवलं.

लेक मान हलवत राहिली, पण लोकांनी पाय आपटून आपटून तिला रंगमंचावर पिटाळलंच.

"घाबरलात?" मास्तरांनी विचारलं.

"तुम्हाला? तुमचं सगळं मला माहीत आहे."

हशा झाला. मास्तरांनी तिच्या ओंजळीत पांढरं कबुतर ठेवलं आणि तिच्या गळ्यापासून हातांपर्यंत मोठा काळा रुमाल पसरला. मग ते चार पावलं मागे गेले, बाह्या कोपरापर्यंत सारल्या आणि दोन्ही हात वर धरले.

"आहे हातात?"

"आहे. फडफडतंय."

"सोडू नका. मग जगाला सांगा, कसं जातं ते. एक... दोन... तीन!"

ती किंचाळली. रुमाल घसरून खाली पडला. ओंजळ रिकामी होती.

"मी सोडलं नव्हतं," ती पुटपुटली. "शप्पथ, मी धरून ठेवलं होतं..."

सभागृह उठून उभं राहिलं. नाक कापलेलं बघायला आलेली माणसं तळहात लाल होईस्तोवर टाळ्या पिटत होती. लेक मान खाली घालून, दोन्ही हात छातीशी कवटाळून विंगेतून पळाली. व्यवस्थापकाला पहिल्यांदाच तिची दया आली.

मंडळाच्या अध्यक्षांनी त्याला तिथेच गाठून सांगितलं की वर्षभराचे सगळे रविवार मास्तरांचे. पडदा पडताच व्यवस्थापक ही बातमी घेऊन धावत रंगपटात गेला. मास्तर खुर्चीत गुडघे चोळत होते आणि आरशापाशी स्टुलावर लेक बसली होती. त्याच्या तळपायाची आग मस्तकात गेली.

"आता कशाला आलीस? माफी मागायला?"

"ओरडू नका हो," मास्तर म्हणाले. "आणि आधी ते दार लावा, नाहीतर उडेल."

"काय उडेल?"

लेकीने जाकिटाची चेन खाली ओढली. आतून पांढऱ्या कबुतराने मान बाहेर काढली.