दाराचा आवाज

वडील गेल्यापासून त्यांचा ट्रक अंगणात गंजत पडला होता. मुलगा छापखान्यातून दमूनभागून यायचा आणि दोन घास पोटात ढकलून त्याच्याशी झगडायचा. नवे भाग परवडत नव्हते. भंगारातून मिळेल ते आणून बसवायचा. “अहो, ट्रकआधी तुम्हीच भंगारात जाल,” बायको करवादायची. आज त्यानं ड्रायव्हरच्या बाजूचं दार हाती घेतलं. बिजागरी झिजल्यामुळे ते लोंबायचं आणि दणकन आपटल्याशिवाय लागायचंच नाही. बिजागरी बदलल्यावर दार अलगद लागलं. “आई, बघ, आवाजसुद्धा नाही!” आईनं खिडकीतून पाहिलं. “छान झालं रे. ह्यांनी दार आपटलं की मी चहाचं आधण ठेवायचे,” म्हणाली आणि आत वळली. पाठीचा काटा ढिला झाला होता, तरी तो पुन्हा वाकला. जुनी बिजागरी चढवून त्यानं दार दणकन आपटलं. आतून आईचा आवाज आला, “आलात का हो?”