मूठभर तांदूळ

दीड महिन्याचा प्रवास संपवून भालचंद्ररावांनी घरगाडी भावाच्या गोदामात लावली. गाद्या, शेगडी, भांडी उतरवता उतरवता त्यांची कंबर पार धरली. बॅटरीची वायर सोडवली, चाकांना विटा लावल्या. आता ताडपत्री टाकली की झालं.

आत त्यांची बायको, कुमुदताई, डबे पुसत होती. एका डब्यात तिने मूठभर तांदूळ टाकून झाकण लावलं.

"किडे होतील गं त्यात," ते म्हणाले.

"होऊ देत. पुन्हा निघायचंय ना, डबा रिकामा ठेवू नये."

ते दमून पायरीवर टेकले. आठवडाभर मनात दाबलेलं बोलून टाकलं, "पुन्हा कसलं निघतोय? समोरचं धूसर दिसतं. स्टिअरिंग धरणं आता माझ्याच्यानं होणार नाही."

"तुमच्याच्यानं ना?" कुमुदताईने हात पुढे केला. "मग किल्ली द्या इकडे. शिकते मी."